झाड कधी लावले, याची नोंद

गेल्या वर्षी मार्च ते मे या तीन महिन्यांत आमच्या वसाहतीतल्या आम्ही सहा जणांनी दर रविवारी सकाळी दोन तास काढून वसाहतीच्या चार रस्त्यांवरील प्रत्येक झाडाची नोंद केली. महापालिकेची वृक्षगणना पुण्यात झालेली आहे आणि तीत आमची झाडेही मोजलेली आहेत. तरीही हे काम पुन्हा करावेसे वाटले, त्याचे कारण पुढे सांगतो.

मोजणीची पद्धत अवघड नाही. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे 1.37 मीटरवर, खोडाला टेप गुंडाळून घेर घ्यायचा. त्या उंचीच्या खालीच खोड दुभागलेले असेल तर दोन्ही खोडे स्वतंत्र मोजायची. जमीन उतरती असेल तर चढाच्या बाजूने उंची धरायची. त्यानंतर झाडाची जात, अंदाजे उंची, पर्णसंभाराचा विस्तार, ढोली, वाळवी, बुंध्याशी उगवलेली अळंबी, खिळे, विजेच्या तारा आणि आळ्याची मोकळी जागा लिहायची. बुंध्याशी येणारी टणक, पंख्यासारखी अळंबी दिसली की त्या नोंदीखाली लाल रेघ मारायची, कारण वरून हिरवेगार दिसणारे झाड आतून कुजत असल्याची ती खूण असते.

एवढे सगळे लिहूनही एक रकाना जवळजवळ प्रत्येक झाडापुढे रिकामा राहिला, तो म्हणजे लागवडीच्या वर्षाचा. माझ्या मते शहरातील झाडांच्या व्यवस्थापनातील सर्वांत मोठी उणीव याच रिकाम्या रकान्यात आहे. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 पासून आहे. त्याच्या आधारे वृक्ष प्राधिकरणे स्थापन झाली आणि ठरावीक वर्षांनी वृक्षगणना करणे बंधनकारक झाले. 2021 च्या दुरुस्तीने या कायद्यात झाडाच्या वयाला मध्यवर्ती स्थान दिले. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे झाड हेरिटेज वृक्ष ठरते आणि झाड तोडण्याची परवानगी मिळालीच, तर त्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावी लागतात. तत्त्व म्हणून हे अत्यंत योग्य आहे. परंतु ज्या वयावर सगळा हिशेब बेतलेला आहे ते वय कोणी लिहून ठेवलेलेच नसेल, तर ते घेरावरून अंदाजाने काढावे लागते, आणि घेर फसवतो.

आमच्याच रस्त्यावरचे उदाहरण देतो. आमची वसाहत 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी वसलेल्या वसाहतींपैकी एक आहे. कोपऱ्यावरच्या बंगल्यासमोर एक पर्जन्यवृक्ष आणि त्याच्यापासून वीस पावलांवर एक बकुळ आहे. पर्जन्यवृक्षाचा घेर 3 मीटर 40 सेंटिमीटर भरला, बकुळीचा जेमतेम 1 मीटर 10. आम्ही टेप गुंडाळत असताना त्या बंगल्यातल्या आजी फाटकापाशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अरे, ही दोन्ही झाडं आमच्या मामंजींनी एकाच दिवशी लावली. माझा थोरला सहा महिन्यांचा होता." थोरल्या मुलाचा जन्म 1966 च्या जानेवारीतला, म्हणजे लागवड त्याच वर्षीच्या पावसाळ्यातली. पर्जन्यवृक्ष झपाट्याने वाढतो आणि बकुळ फार सावकाश वाढते, हे झाडांशी परिचय असलेल्या कोणालाही ठाऊक असते. पण सर्व जातींना एकच ठोकताळा लावणाऱ्याच्या दृष्टीने ती बकुळ वीस वर्षांची ठरेल, हेरिटेज वृक्षाचे संरक्षण तिला मिळणार नाही आणि तिच्या बदल्यात साठऐवजी वीस रोपांवर काम भागेल. आम्ही नोंदवहीत "1966, आजींच्या सांगण्यावरून" असे लिहिले आणि त्याखाली त्यांची सही घेतली. त्यानंतर आम्ही प्रत्येक घराची कडी वाजवून विचारू लागलो. कोणाची वास्तुशांत, कोणाची मुंज, कोणाच्या बदलीचे वर्ष, अशा घरगुती आठवणींतून आणखी बऱ्याच झाडांची वर्षे मिळाली. ही माहिती सांगणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

तारखेचे महत्त्व लागवडीपुरतेच नाही. दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या रस्त्यावरचा गुलमोहर मुळासकट उलथला. पंचनाम्यात कारण लिहिले गेले वादळी पावसाचे. प्रत्यक्षात त्याआधी दीड वर्ष त्याच्या बुंध्यापासून दीड हातावर केबलसाठी चर खणला गेला होता आणि एका बाजूच्या सगळ्या जाड मुळ्या तोडल्या गेल्या होत्या. झाड पडल्यावर त्या बाजूची मुळे करवतीने कापल्यासारखी सपाट दिसत होती. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन-तीन फुटांत आडवी पसरलेली असतात, आणि ती तुटल्याचा परिणाम दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात. चर कधी खणला याची नोंद त्या झाडापुढे असती, तर ते पावसाळ्यापूर्वी तपासता आले असते, त्याचा भार हलका करता आला असता. मला त्या झाडाचे आजही वाईट वाटते.

छाटणीबद्दल थोडक्यात सांगायचे तर, तारांसाठी झाडाची एकच बाजू वर्षानुवर्षे छाटत राहिल्याने त्याचा तोल जातो. फांदी कापताना तिच्या मुळाशी असलेला फुगीर भाग शाबूत ठेवला तर जखम आपोआप भरून येते. फांदी खोडालगत सपाट कापली किंवा मध्येच खुंट ठेवला तर तेथून कूज आत शिरते.

आळ्यांची स्थिती मात्र सर्वत्र सारखीच वाईट आढळली. दिल्लीतील झाडांच्या संदर्भात राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये बुंध्याभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता. आमच्याकडे पेव्हर ब्लॉक सालीला टेकलेले होते. एका करंजाला तर रोप असताना लावलेला लोखंडी पिंजरा कोणी काढलाच नव्हता. त्याच्या दोन पट्ट्या खोडात इतक्या रुतल्या होत्या की साल त्यांच्यावरून ओठासारखी वळून आली होती. उद्यान विभागाला कळवून, त्यांच्या माणसांसमोर, पट्ट्यांचे बाहेर राहिलेले भाग आम्ही हॅक्सॉने कापून काढले. आत रुतलेले लोखंड तसेच ठेवले, कारण ते ओढून काढल्याने जखम वाढली असती. भोवतीचे ब्लॉक काढून माती भुसभुशीत केली आणि तारीख लिहिली.

यंदाच्या मार्चमध्ये दुसरी फेरी झाली. त्या करंजाचा घेर 61 सेंटिमीटरवरून 63 झाला आहे, आणि आळ्यात कोणीतरी शेजारच्या घरातून रोज पाणी घालत असल्याने माती ओली होती. नोंदवहीत त्याच्यापुढे आता तीन तारखा आहेत. लागवडीची तारीख अजून मिळालेली नाही. समोरच्या इमारतीतले जुने बिऱ्हाड नाशिकला गेले आहे, त्यांना या आठवड्यात फोन करणार आहे.