लाईट गेली तरी नेट चालू : लिनक्स लॅपटॉपची नोंद, आठवडा तिसरा

शिवाजी पेठेतलं आमचं घर जुनं, भिंती जाडजूड. राउटर खाली सोप्यात, माझं टेबल माडीवर. पावसाळ्यात लाईट गेली की राउटरही बंद. मग मोबाईल यूएसबीनं जोडायचा आणि काम पुढं चालू ठेवायचं. हे सगळं आपोआप व्हावं, एवढ्यासाठी डेबियन 12 या लिनक्सवर नेटवर्क कुठल्या प्रोग्रॅमच्या हाती द्यायचं, हा शोध चाललाय.

पहिला आठवडा इफअपडाउन, म्हणजे डेबियनची जुनी, साधी पद्धत. एकच छोटी फाईल, एका नजरेत कळते. जागचं न हलणाऱ्या मशीनला ते पुरतं. लॅपटॉपला ते पुरत नाही.

दुसऱ्या आठवड्यात सिस्टमडी-नेटवर्कडी हा नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम, आणि वायफाय जोडायला इंटेलचं आयडब्ल्यूडी. जोडणी झटक्यात व्हायची, पण थोड्या वेळानं तुटायची. दोन रात्री राउटरवर संशय घेण्यात गेल्या. शेवटी जर्नल, म्हणजे सिस्टीमची नोंदवही, उघडला, तर डब्ल्यूपीए-सप्लिकंट हा वायफाय जोडणारा दुसरा प्रोग्रॅम मागं अजून चालूच होता आणि दोघंही त्याच कार्डावर हक्क सांगत होते. तो बंद करून मास्क केला, म्हणजे परत सुरूच होऊ नये असा अडवला, आणि तुटणं थांबलं. एका कार्डाला एकच मालक, हे मी वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

या आठवड्यात नेटवर्कमॅनेजर. रेड हॅटनं 2004 मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प जड आहे असा माझा समज होता, तो गेला. सुरुवातीला वायर्ड कार्ड 'अनमॅनेज्ड', म्हणजे त्याच्या ताब्यात नसलेलं, दिसत होतं. त्याचं नाव इफअपडाउनच्या जुन्या फाईलीत राहिलं होतं. ती ओळ काढली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, झालं.

खरी गंमत पुढं आली. लाईट परत आली, वायफाय जोडलं गेलं, तरी डेटा मोबाईलचाच संपत होता! रहदारी कुठल्या वाटेनं जाते ते दाखवणारी 'आयपी रूट' ही आज्ञा चालवून पाहिली. नेटवर्कमॅनेजर यूएसबीवरच्या मोबाईलला वायर्ड इथरनेटच समजतो. प्रत्येक वाटेला मेट्रिक नावाचा पसंतीचा आकडा असतो: वायर्डचा 100 पासून, वायफायचा 600 पासून, आणि ज्याचा आकडा लहान त्याची वाट आधी. म्हणून मोबाईलच्या प्रोफाईलला (जोडणीच्या साठवलेल्या सेटिंगला) एनएमसीएलआय या नेटवर्कमॅनेजरच्या आज्ञेनं रूट-मेट्रिक 700 दिला. फक्त आयपीव्ही4 ला, म्हणजे जुन्या प्रकारच्या इंटरनेट पत्त्यांना, देऊन भागत नाही. माझ्या सिमवर आयपीव्ही6 हा नवा प्रकारही मिळतो, त्यामुळं बरीच रहदारी तिकडूनच जात राहिली. दोन्हीकडं 700 केल्यावर रूट सरळ झाले.

आणखी एक अडचण होती. डेबियन यूएसबी कार्डाचं नाव मॅक पत्त्यावरून (कार्डाच्या ओळख-क्रमांकावरून) ठेवतं, आणि माझा फोन दर वेळी नवा मॅक देतो. नाव बदललं की प्रोफाईल लागत नाही. म्हणून प्रोफाईलमधलं इंटरफेसचं नाव रिकामं ठेवलं आणि 'मॅच-ड्रायव्हर' मध्ये आरएनडीआयएस-होस्ट, म्हणजे माझ्या फोनच्या यूएसबी जोडणीचा ड्रायव्हर, घातलं. तुमच्या फोनचा ड्रायव्हर वेगळा असू शकतो, 'इथटूल' या आज्ञेला विचारून घ्या.

काल रात्री जेवताना लाईट गेली. माडीवर पिंग (जोडणी जिवंत आहे का, हे सतत विचारणारी आज्ञा) चालूच ठेवला होता आणि फोन केबलला लावलेला होता. वर जाऊन पाहिलं तर मधले काही पिंग चुकलेले, पुढं सलग उत्तरं. लाईट आल्यावर काही वेळानं रूट वायफायवर आला, हात न लावता. आता खालच्या छोट्या बॅकअप मशीनवर नेटवर्कडीच ठेवणार आहे. तिथं एकच वायर आहे, तेवढ्याला तेच बरं.