छिद्र बुजलं, तरी अक्षरं पुसट का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशननंतर हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो: "पडद्यातलं छिद्र बुजलं, पडदा जागेवर बसला, ऑपरेशन यशस्वी झालं म्हणतात. मग अक्षरं अजून वाकडी आणि पुसट का?" डोळ्याच्या पडद्याच्या प्रतिमा घेणं हे माझं काम आहे, म्हणून त्या प्रतिमांत दिसतं तेच सांगते.

डॉक्टर खरं तेच सांगत असतात. पण पडदा जागेवर बसणं वेगळं आणि त्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी पुन्हा कामाला लागणं वेगळं. बारीक वाचायची नजर मॅक्युलाच्या, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाच्या, अगदी मध्यावर असते. तिथे एका चौरस मिलिमीटरमध्ये २ लाखांच्या आसपास शंकुपेशी, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या याच पेशी, दाटीवाटीने उभ्या असतात. प्रत्येक पेशीच्या बाहेरच्या टोकात प्रकाश शोषणाऱ्या चकत्यांची चळत असते. पाठीमागचा रंगद्रव्याचा थर रोज जुन्या चकत्या काढून नेतो, पेशी नव्या रचते, आणि साधारण १० दिवसांत अख्खी चळत नवी होते. पडदा सुटला की या थराशी असलेला संबंध तुटतो आणि टोकं झडायला लागतात. ऑपरेशनने संबंध पुन्हा जुळतो, पण मार बसलेल्या पेशीला टोक वाढवायला महिनोन् महिने लागतात.

ओसीटीत, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, हे रेघांच्या रूपात दिसतं. छिद्र बुजल्यावर सहसा आधी आतली बारीक रेघ सांधते आणि मग तिच्याबाहेरची ठळक ईझेड (एलिप्सॉइड झोन) रेघ, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पेशींची खूण. पण एकेकटी पेशी ओसीटीत दिसत नाही. तिच्यासाठी अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्स लागतं. हे तंत्र मुळात दुर्बिणींचं, वातावरणामुळे थरथरणारा तारा स्थिर दिसावा म्हणून काढलेलं. १९९७ मध्ये रॉचेस्टर विद्यापीठात डेव्हिड विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी ते डोळ्याला लावलं. आकार बदलणारा आरसा डोळ्याचे स्वतःचे दोष खोडून काढतो आणि जिवंत माणसाच्या शंकुपेशी एकेक करून दिसतात: पांढरे ठिपके, एकमेकांना खेटून. त्यासाठी एका खुणेवर नजर रोखून धरावी लागते. मधलीच नजर अधू झालेल्या माणसाला ते किती जड जातं हे मी रोज पाहते, आणि तरीही ही माणसं नेटाने बसतात.

ऑपरेशन झालेल्या डोळ्यात या ठिपक्यांमध्ये काळे डाग दिसतात. ते पाहून "इथल्या पेशी गेल्या" असं म्हणायची घाई करू नये. निरोगी शंकुपेशी प्रकाश सरळ परत पाठवते म्हणून उजळ दिसते. टोक झडलं किंवा कललं की तो प्रकाश परत येत नाही, पेशी जिवंत असली तरी. विखुरलेला प्रकाश दोन बाजूंनी टिपून पेशीचा आतला भाग दाखवणारी दुसरी पद्धत आहे. तिच्यात त्याच काळ्या डागात कधी कधी पेशींची रांगच्या रांग उभी दिसते. मला या कामातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

मात्र जी पेशी खरोखर मेली तिच्या जागी नवी येत नाही. म्हणून तर मॅक्युला सुटलेल्या पडद्याला उशीर करत नाहीत. आणि अक्षरं वाकडी दिसतात, कारण काही पेशी मूळ जागेवरून सरकलेल्या असतात आणि मेंदू अजून जुन्याच नकाशाने वाचत असतो.

अ‍ॅडॅप्टिव्ह ऑप्टिक्सची यंत्रं बहुतेक संशोधनातच वापरली जातात, त्यांच्या शोधात फिरू नका. पुढच्या तपासणीला जुना आणि नवा ओसीटी शेजारी ठेवून दाखवायला सांगा आणि ईझेड रेघ भरतेय का ते विचारा. भरत असेल तर नजर वर्षभर, कधी त्यानंतरही, सुधारत राहू शकते. बरेच महिने तुटकीच राहिली असेल, तर नुसती वाट पाहत बसू नका. लो व्हिजनची, म्हणजे कमी नजरेसाठीची, भिंगं आणि मोठ्या अक्षरांची सोय आत्ताच मागून घ्या.