शून्य कुठे धरायचे

सोलापुरात उन्हाळा लागला की वर्तमानपत्रात रोज उजनी धरणातल्या पाण्याची टक्केवारी छापून येते, आणि ती एकदा उणे झाली की शेजारीपाजारी ती बातमी घरातल्या कुणाच्या दुखण्यासारखी आवाज उतरवून एकमेकांना सांगतात. अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, त्या उणे चिन्हाची चीड होती. पाटबंधारे खात्यात अभियंता म्हणून त्यांची सारी नोकरी झाली, त्यामुळे ही चीड ते आकड्यांनिशी व्यक्त करीत. धरण भरते तेव्हा पाण्याची पातळी ४९६.८३ मीटर असते आणि ती ४९१.०३ मीटरवर उतरली की वर्तमानपत्रातला शून्य येतो. पण त्या शून्याखालीही सुमारे ६३ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी शिल्लक राहते, आणि भरलेल्या धरणात ११७ टीएमसी मावत असल्यामुळे हे ‘काहीच नाही’ निम्म्याहून अधिक भरते. “नाव मृत साठा, आणि मे महिन्यात सोलापूर जगते ते त्याच्यावरच,” असे म्हणून ते चहाचा कप खाली ठेवीत.

आमच्या घराच्या अंगणात जमिनीखाली पाण्याचा हौद आहे. नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात असा हौद ही चैन नव्हे. अण्णांनी त्याच्या आतल्या भिंतीवर पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढून त्यावर काळ्या रेघांनी सेंटिमीटर आखले होते, अगदी धरणावर असते तशी मोजपट्टी. तिचा शून्य तळाशी नव्हता. पंपाचा फूटव्हॉल्व्ह जिथे पाणी सोडून हवा ओढू लागतो, तिथे होता. त्याखालचा भाग तांबडा. पंप बंद पडला म्हणून आई हवालदिल झाली की ते म्हणत, “अगं, अजून तांबड्यात आठ कळश्या आहेत,” आणि दोरीला बादली बांधून स्वतः त्या काढून देत.

त्यांचा दुसरा शून्य मात्र शून्य नव्हताच. आम्हा दोघा भावंडांची उंची ते दर दिवाळीत माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीने नोंदवीत, पण साध्या माणसासारखी नव्हे. सर्वेक्षणात जवळपास ठरलेले तलचिन्ह, म्हणजे आधीच पातळी मोजून ठेवलेली खूण, नसेल तर एखादा पक्का बिंदू निवडून त्याची पातळी १०० मीटर मानतात, त्याप्रमाणे त्यांनी घराचा उंबरा १००.०० धरला होता. परिणामी पहिलीत जाताना माझी उंची १०१.१२ होती, आणि शाळेत बाईंनी विचारल्यावर मी ती तशीच सांगून वर्गाला बराच वेळ हसवले होते. रडत घरी आल्यावर मी विचारले, की सरळ शून्य का धरत नाही? त्यावर त्यांनी अंगण दाखवले. ते उंबऱ्यापेक्षा खाली. हौद त्याहून खाली. उंबरा शून्य धरला तर तिथे उभे राहणारे सगळेच उणे होतील, म्हणून आकडा असा घ्यायचा की कुणाच्याही वाट्याला वजाचे चिन्ह येऊ नये. हे उत्तर पुस्तकातले आहे, हे पुढे मला कळले. तेव्हा मात्र ते माझ्यापुरते काढलेले आहे असेच वाटले होते.

माझ्या लहानपणी त्यांची काही वर्षे उजनी धरणाजवळच्या भीमानगर वसाहतीत गेली आणि शनिवारी रात्री टेंभुर्णीहून येणाऱ्या एसटीने ते घरी येत. त्या काळाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. आम्ही बहुधा झोपलेले असू. पण रविवारी सकाळी पाहावे तर दप्तराचा तुटलेला पट्टा शिवलेला असे.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली. अण्णांना जाऊन तेव्हा काही महिने झाले होते आणि तो आकडा समजावून सांगायला घरात कुणी उरले नव्हते. त्याच सुमारास रंगकाम काढले. रंगाऱ्याने चौकट घासण्यापूर्वी विचारले, म्हणून मी खाली वाकून रेघा पाहिल्या. आमच्या रेघा ओळखीच्या होत्या. त्यांच्या वर, बाजूला सरकून, दोन रेघा मला ठाऊक नव्हत्या: निवृत्तीच्या वर्षीची १०१.७१ आणि अलीकडची १०१.६८, दोन्ही अण्णांच्याच अक्षरात. मातीचा बांध घालताना तो पुढे खचणार हे धरून थोडी जादा उंची ठेवतात, हे त्यांनीच कधीतरी सांगितले होते. खालच्या रेघेपाशी कंसात त्यांनी लिहिले होते: खचणे, ३ सेंमी, अपेक्षेप्रमाणे.