मॅडमच्या नावाचा अर्ज आणि न मिळणारं प्रमाणपत्र : माझा अनुभव

वैद्यकीय संशोधनात नव्याने उतरलेल्यांना हाताशी धरून शिकवणाऱ्या डॉक्टरांना एका संघटनेतर्फे पुरस्कार दिला जातो. त्यासाठी आम्ही काही जणांनी मिळून आमच्या मॅडमचं नाव पाठवलं. बायोडेटा, संमतीची सही, विद्यार्थ्यांची पत्रं हे सगळं बघता बघता जमलं. घोडं अडलं ते एका प्रमाणपत्रावर. त्याची चीड अजून गेलेली नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. कोकणातल्या एखाद्या तालुक्याच्या गावात बसून असा अर्ज भरणाऱ्याला निदान आमच्याइतकं वणवण करायला लागू नये.

मॅडम मायक्रोबायॉलॉजीच्या. सगळी नोकरी घाटावरच्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात झाली. निवृत्तीनंतर त्या गुहागर तालुक्यात, आपल्या मूळ घरी येऊन राहिल्या. मी त्या वेळी बॉण्डवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, मेडिकल ऑफिसर होते. लावणीच्या दिवसांत तापाचे पेशंट रांगेने यायचे, त्यातले बरेच लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिसचे) वाटायचे, आणि त्यावर काहीतरी लिहावं असं माझ्या मनात होतं. मॅडमना भेटले तर त्यांचा पहिला प्रश्न, "दुसरा नमुना कोण घेणार?" लेप्टोच्या मॅट या रक्ततपासणीत एकदाच रक्त घेऊन भागत नाही. साधारण 10 ते 14 दिवसांनी पुन्हा घ्यायचं आणि टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, चौपट वाढलं का ते पाहायचं. पण ताप उतरला की माणूस शेतात जातो, दवाखान्यात कशाला परत येईल? मी म्हटलं, पेशंट येत नाहीत. तर म्हणाल्या, "मग आपण जाऊ. वाडीचं नाव लिहून घेत जा." आणि त्या खरंच आल्या. चिखलाच्या पाणंदीतून, छत्री धरून, माझ्याबरोबर.

त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला त्या महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांबद्दल सांगत. विंचूदंशाचे पेशंट बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहायला सुरुवात करून त्यांनी 1982 साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. पुढे 2011 मध्ये प्राझोसिन हे औषध आणि प्रतिविष यांची चाचणी 'बीएमजे' या तशाच नियतकालिकात आली. तीही महाडच्या पेशंटवर. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. "आपल्याकडे सोयी नाहीत" असं कुणी म्हणालं की मॅडम हेच उदाहरण द्यायच्या, आणि समोरचा गप्प व्हायचा. मीही झाले होते.

आता मुख्य गोष्ट. अर्जात एक रकाना होता : संस्थाप्रमुखांचं प्रमाणपत्र, सोबत 'अधिकृतरीत्या मार्गदर्शन केलेल्या' विद्यार्थ्यांची यादी. आणि त्याच्या आधी 'सध्याची संस्था'. ती निवडल्याशिवाय ऑनलाइन अर्ज पुढे सरकेना. मॅडमना सध्याची संस्था नाही! संघटनेच्या कार्यालयात फोन केला तेव्हा शेवटची संस्था टाका म्हणाले. टाकली. पण मग प्रमाणपत्रही तिथलंच हवं.

म्हणजे कुंभार्ली घाट चढून जाणं आलं. आस्थापना शाखेत सांगितलं, "ताई, सेवापुस्तकात गाइडशिप नसते. विद्यार्थी विभागात विचारा." विद्यार्थी विभागात म्हणाले, आमच्याकडे फक्त मुख्य गाइडची नोंद असते, को-गाइडची, म्हणजे सहमार्गदर्शकाची, नाही. मॅडम बहुतेक वेळा को-गाइडच असायच्या, कारण मेडिसिन, पीएसएम (सामाजिक वैद्यकशास्त्र), पीडियाट्रिक्स अशा दुसऱ्या विभागांचे रेसिडेंट, म्हणजे एमडी करणारे डॉक्टर, त्यांच्याकडे यायचे. त्यांच्या जुन्या विभागात गेले, तर नव्या इमारतीत जाताना रजिस्टरं कुठे गेली ते कुणाला ठाऊक नाही. परत आस्थापना शाखेत. तिथे आता नवं निघालं, अर्ज निवृत्त कर्मचाऱ्याने स्वतःच्या सहीने करायला हवा. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं का? पुन्हा घाट उतरून गुहागर, सही, पुन्हा घाट. अर्ज आवक झाला, मग "साहेबांच्या टेबलावर आहे", मग साहेब मीटिंगला, मग टिपणी जोडलेली नाही म्हणून परत. मी माझ्या ओपीडीची रजा टाकून त्या बाकावर बसायचे आणि भिंतीवरचं घड्याळ पाहायचे. समोरच्या माणसाला माझ्याशी वैर नव्हतं, त्याला फक्त त्या कागदाचं काही वाटत नव्हतं, आणि मला त्याचंच जास्त लागायचं. कारण ज्या बाईंबद्दल तो कागद होता, त्या प्रत्येक विद्यार्थ्याचा मसुदा दुसऱ्या दिवशी लाल पेनाने भरून परत द्यायच्या.

शेवटी पत्र हातात पडलं. त्यात एवढंच होतं : सदर अधिकारी या संस्थेत अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत कार्यरत होत्या. बस. मार्गदर्शनाबद्दल एक अक्षर नाही. त्या दिवशी घाट उतरताना मला रडू आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आणखी एक सांगते, ते जास्त जिव्हारी लागणारं आहे. आमच्या कितीतरी पेपरांवर, म्हणजे शोधनिबंधांवर, मॅडमचं नावच नाही. लेखक कोणाला म्हणायचं याचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. नुसतं लेखन सुधारून दिलं किंवा देखरेख केली म्हणून लेखक होता येत नाही, त्यांचे आभार मानायचे. विभागप्रमुख म्हणून प्रत्येक पेपरवर नाव लावणारे आपण पाहतो. मॅडम मात्र स्वतःचं नाव खोडून आमच्या हातात मसुदा द्यायच्या. म्हणजे ज्या वागणुकीसाठी हा पुरस्कार असायला हवा, त्याच वागणुकीमुळे अर्जाला जोडायला पुरावा उरत नाही. अर्ज मागवणाऱ्या संघटनांनी याचा विचार करायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. 'नेचर' या नियतकालिकाचे मार्गदर्शकांसाठीचे पुरस्कार 2005 पासून आहेत, दर वर्षी वेगळ्या देशासाठी किंवा प्रदेशासाठी. विद्यार्थी काय सांगतात याला त्यात मोल आहे. आपल्याकडे अजून शिक्क्याला आहे.

माहितीचा अधिकार वापर असं मित्राने सुचवलं. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज टाकता येतो, पण उत्तराला 30 दिवसांची मुदत, आणि आमची शेवटची तारीख त्याच्या अलीकडे. शिवाय त्यात असलेला कागद मिळतो, नसलेली यादी कुणी तयार करून देत नाही. तुमच्या हातात वेळ असेल तर मात्र सुरुवातीलाच टाकून ठेवा.

वाट सापडली ती कॉलेजच्या ग्रंथालयात. एमडीच्या प्रत्येक थिसिसच्या सुरुवातीला प्रमाणपत्रांची पानं असतात, त्यावर गाइडची सही असते आणि को-गाइड असेल तर त्यांचीही. ग्रंथपाल बाईंनी मॅडमचं नाव ऐकलं आणि चहा मागवला. मग दोघी मिळून कपाटं उघडली. धुळीने शिंका येत होत्या, पण एकेका थिसिसमध्ये ती ओळखीची तिरकी सही दिसली की मला इतका आनंद व्हायचा! पानांच्या झेरॉक्स काढल्या, ग्रंथपालांनी साक्षांकित करून दिल्या, त्याच दिवशी.

दुसरा आधार एथिक्स कमिटीचा, म्हणजे संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचा. प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात संशोधक आणि सहसंशोधकांची नावं असतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे अभ्यास संपल्यावर किमान 3 वर्षं ही कागदपत्रं जपायची असतात. इथल्या सदस्य सचिवांनी त्याहून जुन्या फायलीही जपल्या होत्या, देव त्यांचं भलं करो. एमबीबीएसच्या मुलांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची एसटीएस ही विद्यार्थी-संशोधन योजना 1979 पासून चालू आहे. तिच्या अहवालावर गाइडची सही लागते. मॅडमच्या हाताखाली ती केलेल्या मुलांनी आपापल्या प्रती स्कॅन करून पाठवल्या. कोकणात निवृत्तीनंतर केलेल्या मार्गदर्शनाला मात्र कुठलीच संस्था नव्हती, तेव्हा पेपरमधली आभाराची ओळ आणि मसुद्यांसह आलेले जुने ईमेल छापून जोडले. हे सगळं एका पत्राखाली बांधून संघटनेला कळवलं की प्रमाणपत्राऐवजी हे घ्या. त्यांनी घेतलं.

पत्रांबद्दल सांगायचं राहिलं. वेगवेगळ्या काळातल्या पाच विद्यार्थ्यांची पत्रं मागितली होती. पहिल्या खेपेला सगळ्यांनी "मॅडम आईसारख्या आहेत" असं लिहून पाठवलं. खरंच आहे ते, पण निवड समितीला त्यातून काय कळणार? मी प्रत्येकाला फोन करून म्हटलं, एकच प्रसंग लिहा, मॅडम नसत्या तर तुम्ही काय केलं असतं ते लिहा. मग बघा काय पत्रं आली. एकाने लिहिलं की त्याच्या अभ्यासात अपेक्षेच्या उलट निष्कर्ष निघाला, तो विषय बदलायला निघाला होता, मॅडमनी तोच निष्कर्ष जसाच्या तसा छापायला लावला. एकीने स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाबद्दल लिहिलं. मॅडमनी तिला नमुन्याच्या नळीपाशी उभं न करता वॉर्डात नेलं आणि काखेत, जांघेत चाव्याचा चट्टा शोधायला शिकवलं. ही पत्रं जोरदार होती. ती मॅडमना वाचून दाखवली नाहीत, त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त केली असती.

ज्यांचं नाव पाठवताय त्यांना मात्र सुरुवातीलाच सांगा, गुपित ठेवू नका. सही त्यांचीच लागते. आमच्या मॅडम आधी नाहीच म्हणाल्या. "त्यापेक्षा त्या दापोलीच्या मुलीचा पेपर पुरा करा." पेपरही पुरा करतो असं कबूल केल्यावर सही मिळाली.

आणि आज मॅडमचं मार्गदर्शन घेत असलेल्यांनो, आत्तापासून एक फाइल करा. मंजुरीपत्रं, मसुदे, ईमेल. थिसिसच्या सहीच्या पानाचा फोटो तरी काढून ठेवा.

मॅडमची निवड झाली. समारंभाला आम्ही चिपळूणहून बरेच जण गेलो होतो. त्यानंतर मी संघटनेला लेखी कळवलं की 'सध्याची संस्था' सक्तीची ठेवू नका आणि को-गाइडच्या कामाला वेगळा रकाना द्या. उत्तर आलंय : पुढच्या अर्जात 'निवृत्त' हा पर्याय असेल. को-गाइडबद्दल त्यात काहीच नाही, तेव्हा ते पुन्हा विचारायचं पत्र आज टपालात टाकलं.