फ्रेझल व्हर्बमध्ये 'इट' कुठे ठेवायचे?

इंग्रजीच्या शिकवणी वर्गाने फ्रेझल व्हर्बची, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असे एक-दोन छोटे शब्द जोडून होणाऱ्या वेगळ्या अर्थाच्या क्रियापदांची, जी पुस्तिका आमच्या हाती दिली, तिच्याबद्दलची माझी चीड अजून ओसरलेली नाही. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे, पुट आउट म्हणजे विझवणे, पुट अप विथ म्हणजे सहन करणे, अशी ती पानेच्या पाने भरलेली यादी होती. अर्थ पाठ झाले, त्यात विशेष अडचण आली नाही.

घोडे अडले ते वाक्य करताना. बैठक पुढे ढकलली हे 'वी पुट ऑफ द मीटिंग' असेही सांगता येते आणि 'वी पुट द मीटिंग ऑफ' असेही. परंतु बैठकीच्या जागी 'इट' आले की त्याला मधलीच जागा घ्यावी लागते, म्हणजे 'वी पुट इट ऑफ' बरोबर आणि 'वी पुट ऑफ इट' चूक. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, त्याचे मात्र उलट आहे: 'आय लुक आफ्टर हर' एवढेच चालते, 'हर'ला मध्ये शिरकाव नाही. याविषयी पुस्तिकेत एक अक्षरही नव्हते आणि वर्गात विचारले, तर 'सवयीने येईल' असे उत्तर मिळाले. नोकरी सांभाळून, पदरचे पैसे भरून शिकायला आलेल्या माणसाची अशी बोळवण करणे मला आजही अन्यायाचे वाटते, कारण हा भेद सांगता येण्याजोगा होता. तो मला अखेर लाँगमनच्या विद्यार्थ्यांसाठीच्या शब्दकोशात सापडला. तेथे 'पुट' आणि 'ऑफ' यांच्यामध्ये 'समथिंग' छापलेले असते आणि त्याला लागून दुतोंडी बाण असतो. कर्म मध्येही चालते आणि शेवटीही, असा त्या बाणाचा अर्थ. 'लुक आफ्टर'पुढे 'समबडी' शेवटी येते आणि बाण नसतो. तो बाण उमगला त्या दिवशी मोठे ओझे उतरले.

'पुट'सारख्या एकाच क्रियापदापासून झालेली सगळी फ्रेझल व्हर्ब एका बैठकीत घेऊ नयेत, हेही वर्गाने आधीच सांगायला हवे होते. त्यांची हमखास सरमिसळ होते. 'ईट अप', 'यूज अप' यांतला 'अप' काम पुरते संपल्याचे सुचवतो, जसे आपल्या 'खाऊन टाकणे', 'संपवून टाकणे' यांतले 'टाकणे'. मराठी माणसाला हे चटकन समजते. कर्म आहे की नाही, हेही पाहावे: 'द प्लेन टुक ऑफ' म्हणजे विमान उडाले, तेथे जागेचा प्रश्नच नाही, बूट काढताना मात्र 'टेक देम ऑफ' म्हणावे लागते. म्हणून मी वहीत नुसता अर्थ लिहीत नाही. जेथे कर्म येते तेथे 'इट' किंवा 'देम' घातलेले एक पूर्ण वाक्य लिहितो आणि तेच पाठ करतो.