क्लॅव्हिकॉर्ड: पट्ट्या झाल्या, आता तारा

मंडळी, मी बांधत असलेल्या क्लॅव्हिकॉर्डच्या (पियानोसारखं पट्ट्यांचं, पण हळू आवाजाचं जुनं तारवाद्य) पट्ट्यांचं काम एकदाचं उरकलं. सगळ्या मोकळ्या खाली-वर होतात, एकमेकींना घासत नाहीत. मागच्या टोकांना पितळी टँजंटही (तारेला भिडणारी छोटी पाती) ठोकून झाले. साउंडबोर्ड, म्हणजे आवाज मोठा करणारी लाकडी फळी, मात्र मुद्दाम लांबणीवर टाकलाय. ओल्या हवेत चिकटवलेली पातळ फळी उन्हाळ्यात आक्रसून तडकते.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: पट्टी दाबली की टँजंट खालून तारेला भिडतो आणि बोट उचलेपर्यंत तिथेच टेकून राहतो. त्याच्या डावीकडची तार कापड विणून मुकी केलेली असते, उजवीकडची वाजते. बोटाचा जोर वाढवला की तार ताणली जाऊन सूर चढतो, सतारीच्या मींडेसारखा. माझ्या वाद्यात काही ठिकाणी शेजारच्या दोन पट्ट्या एकाच जोडतारेवर आहेत. त्या दोन सुरांतलं अंतर खुंटी पिळून बदलत नाही, टँजंट चिमट्याने किंचित वाकवावा लागतो. केसभर वाकवला तरी कानाला कळतं.

जुनी वाद्यं नव्याने बांधणाऱ्या अर्नोल्ड डोल्मेचबद्दल सध्या जे मिळेल ते वाचतोय, ते या बांधकामासाठीच. जन्म 1858, फ्रान्समधल्या ल माँ गावी. घरचा धंदाच वाद्यं बनवण्याचा, त्यामुळे पियानो बांधणं घरातच शिकला. मग ब्रसेल्सला व्हायोलिन, 1883 मध्ये लंडन, आणि पुढे डलिच कॉलेजात व्हायोलिनची शिकवणी. जुन्या हस्तलिखितांतलं संगीत सापडलं, पण ते वाजवायला धड वाद्यं नव्हती. जुनी मोडकी वाद्यं दुरुस्त केली, मग नवी बांधायला घेतली: 1893 ला ल्यूट (गिटारसारखं जुनं तारवाद्य), 1894 ला क्लॅव्हिकॉर्ड, 1896 ला इंग्लिश कवी-कलाकार विल्यम मॉरिसच्या आग्रहावरून तो प्रसिद्ध हिरवा हार्पसिकॉर्ड (पट्टी दाबली की तार छेडली जाते असं वाद्य). त्यावरचं रंगकाम हेलन कूमचं. पुढे बॉस्टनला चिकरिंग या पियानो कंपनीत आणि पॅरिसला गाव्हो या पियानो कंपनीकडे त्याने जुन्या धर्तीची वाद्यं बनवली. 1915 मध्ये सतराव्या-अठराव्या शतकातलं संगीत कसं वाजवावं यावर पुस्तक लिहिलं.

रेकॉर्डर (उभी धरून वाजवायची युरोपियन बासरी) वाजवणाऱ्यांना पुढचा किस्सा ठाऊक असेलच. 1919 मध्ये डोल्मेचच्या धाकट्या मुलाच्या, कार्लच्या हातून लंडनच्या वॉटर्लू स्टेशनवर पिशवी राहिली आणि तिच्यातला अठराव्या शतकातला रेकॉर्डर गेला. बापाने नवा घडवायला घेतला. पुढे कार्लनेच बॅकेलाइटचे (एक जुनं प्लास्टिक) रेकॉर्डर काढले आणि ते शाळाशाळांत पोचले.

1925 पासून इंग्लंडमधल्या हॅझलमिअरच्या जुन्या संगीताच्या महोत्सवात वाद्यं बांधणारा, वाजवणारा आणि ताफा चालवणारा तोच. बायको-मुलंही वादकांत. लोक त्याला जुन्याचा कट्टर भक्त म्हणतात, मला ते पूर्ण पटत नाही. उतारवयातल्या हार्पसिकॉर्डांत त्याने स्वतःच्या डोक्यातली यंत्ररचना बिनदिक्कत घुसवली, जुन्या कारागिरांनी कधी न केलेली. ज्याला आपल्या वाद्यावर संध्याकाळी स्वतःच वाजवायचंय, तो पट्टीचं वजन कागदावर ठरवून थांबत नाही. मीही मधल्या सप्तकातल्या पट्ट्या मागून रंध्याने हलक्या केल्या, तेव्हा कुठे त्या बोटाला बऱ्या लागल्या.

आता तारा. वरच्या सुरांना साधी पितळ चालेल. खर्जाला जाड तार ताठर वाजते, म्हणून तिथे वळलेली तार (बारीक तार गुंडाळलेली) लावावी का, या विचारात आहे. तारांमध्ये कापड विणायला हार्मोनियमवाल्यांकडची बनात (जाड लोकरी कापड) आणलीये, पण ती जरा जाड वाटते. फार दाबून विणली तर आवाजच मरेल, सैल ठेवली तर बोट उचलल्यावरही तार गुणगुणत राहील. कुणी विणलं असेल तर कापड किती रुंद कापलं ते कळवा.