टकोमातला पंचनामा

"सदर इसम संशयास्पदरीत्या फिरत होता" अशा अर्थाचं वाक्य मी वर्गातल्या पहिल्या रिपोर्टमध्ये इंग्रजीत लिहिलं होतं. कागद परत आला तेव्हा 'संशयास्पद'वर लाल फुली होती. आमचे शिक्षक निवृत्त डेप्युटी शेरीफ, म्हणजे इथल्या जिल्हा पोलिसातले, आहेत, आणि शेरा त्यांच्या बोलण्यासारखाच तुटक होता: त्याने काय केलं ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते नको.

हवालदाराच्या मुलीला हे शिकायला साताऱ्याहून अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरात यावं लागलं! अण्णांनी पोलीस लाइनीतल्या क्वार्टरमध्ये माझ्यासमोर किती कागद लिहिले असतील, आणि मी कधी नीट वाचले नाहीत.

आधी घरच्यांना पडलेला प्रश्न: हे शिकून तू वकील होणार की पोलीस? मी वकील होणार नाही. इथे लॉ स्कूलला जायचं तर आधी पदवी लागते, मग पुढे तीन वर्षं. पोलीसही होणार नाही, कारण त्यासाठी अकादमी वेगळी असते. मी करतेय ती क्रिमिनल जस्टिसमधली, म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग यांच्या कामातली उपयोजित पदवी, बॅचलर ऑफ अप्लाइड सायन्स. इथली काही कम्युनिटी कॉलेजं ती देतात. एकूण १८० क्रेडिट, त्यातले निम्मे दोन वर्षांच्या असोसिएट पदवीचे. लग्नामुळे बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं, म्हणून मी अगदी तळापासून सुरुवात केली. वर्ग संध्याकाळी सहा ते नऊ. बाकावर तुरुंगातला एक रक्षक, जवळच्या लष्करी तळावरून निवृत्त झालेले दोघे, रात्रपाळीचा एक सिक्युरिटी गार्ड आणि डब्यात पोळी-भाजी घेऊन आलेली मी. मला ९११च्या, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या फोनवर किंवा कोर्टात पीडितांसोबत उभं राहण्याच्या कामात जायचंय.

'उपयोजित' म्हणजे थिअरी कमी असं मला वाटलं होतं. तसं अजिबात नाही. इथल्या सुप्रीम कोर्टाचे खटले रोजच्या वरण-भातासारखे पानात पडतात. १९६६चा मिरांडा खटला सिनेमामुळे सगळ्यांना माहीत असतो, 'तुम्हाला गप्प राहण्याचा हक्क आहे' वगैरे. पण अटक केली की पोलिसाला लगेच ते म्हणावंच लागतं, हा सिनेमाने करून दिलेला समज. माणूस ताब्यात असेल आणि त्याला प्रश्न विचारायचे असतील, तेव्हा ते लागतं. मला खरा धक्का १९६९च्या फ्रेझियर खटल्याने दिला. पोलिसांनी आरोपीला खोटंच सांगितलं होतं की तुझ्या चुलतभावाने कबुली दिलीय. तरी त्याचा जबाब कोर्टात चालला.

नऊला वर्ग सुटतो. गाडीत बसले की साडेनऊ, म्हणजे थंडीत साताऱ्यात सकाळचे अकरा. मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि हे सांगितलं.

"पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालते तिकडं?" चहाचा कप हातातच राहिला.

चालते, म्हणूनच तर मिरांडाचं एवढं महत्त्व. आपल्याकडे १८७२च्या पुरावा कायद्यानेच पोलिसाला दिलेली कबुली बाद ठरवली. इंग्रजांचा आपल्याच पोलिसांवर विश्वास नव्हता. १ जुलै २०२४ला नवे कायदे आले, तरी ती तरतूद राहिली. आरोपीने सांगितल्यावरून हत्यार वगैरे सापडलं, तर कबुलीतला तेवढाच भाग चालतो. त्यासाठी अण्णा आरोपीचं सांगणं पंचांसमोर लिहून घेणारा मेमोरंडम पंचनामा करायचे.

"मग पंच म्हणून कोणाला घेतात?"

"पंच नसतातच इथे, अण्णा."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. झडतीला परिसरातली दोन प्रतिष्ठित माणसं घ्यायची, हे त्यांच्या लेखी सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं स्वाभाविक. (ते दोन पंच चौकीबाहेरच्या चहावाल्याकडूनच कसे मिळायचे, हे आम्ही दोघंही बोललो नाही.) इथे पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असतो, तोच साक्षीदार. आपल्याकडेही आता झडतीचं चित्रीकरण बंधनकारक झालंय म्हटल्यावर ते म्हणाले, "कॅमेऱ्याला उलटतपासणीत काय विचारणार, कप्पाळ?"

पुढच्या आठवड्यात कॉलेजातल्या एका खोलीत खोटी चोरी मांडली होती: फुटलेली काच, उघडा ड्रॉवर, खुर्चीवर एक हातमोजा. त्याचा रिपोर्ट लिहायचा होता. मी आधी मराठीत लिहून अण्णांना वाचून दाखवला. विशेषणं सगळी गाळली होती. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"चतुःसीमा कुठाय?"

"काय?"

"पूर्वेस काय, पश्चिमेस काय? दार कुठल्या तोंडाचं? त्याशिवाय जागा कळणार कशी माणसाला?"

रात्री साडेदहाला, फोनमधलं होकायंत्र लावून, मी कॉलेजच्या त्या खोलीचा नकाशा आठवत बसले. पूर्वेस कॉरिडॉर, पश्चिमेस पार्किंगच्या बाजूची खिडकी, उत्तरेस भिंत व फळा, दक्षिणेस वर्ग. चार ओळी इंग्रजीत घातल्या.

कागद परत आला. या वेळी लाल फुली एकच होती, त्या चार ओळींवर. बाजूला लिहिलं होतं: रेखाचित्र वेगळं जोडलंय, इथे नको.

अण्णांनी विचारलं, काय म्हणाले साहेब? म्हटलं, चांगला झालाय म्हणाले.